वाफमावशीचं ‘हो’

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखाना आणि जनरेटर यांच्या मधे, एक बिनखिडकीची खोली होती. तिथे पंखा होता, पण तो गरम हवाच गोल गोल फिरवायचा. भिंतीचा रंग दर वर्षी फुगायचा आणि पापुद्रे होऊन खाली यायचा. मधोमध एक लोखंडी पिंप आडवं बसवलेलं होतं, माणूस झोपेल एवढं. त्याच्या दाराला चाक होतं. ऑपरेशनची हत्यारं, कापडं, कापूस हे सगळं त्या पिंपात वाफेखाली निर्जंतुक व्हायचं. सव्वीस वर्षं ते पिंप एकच बाई चालवत होती. तिला सगळे वाफमावशी म्हणत.

तिची ख्याती एका गोष्टीसाठी होती. ती कुणाचीही घाई चालवून घ्यायची नाही. सर्जन फोनवर कितीही ओरडला तरी वेळ भरल्याशिवाय दार उघडायचं नाही. उघडल्यावर आतली पट्टी ती आधी दिव्याखाली बघायची, मग दाराबाहेर उन्हात, मग परत दिव्याखाली. नव्या नर्स हसायच्या. जुन्या त्यांना दटावायच्या, “हसू नका गं. देवभीरू बाई आहे ती. एक रविवार चर्च चुकवत नाही.”

ती देवभीरू नव्हती. नुसती भ्यालेली होती. हा फरक अकरा वर्षं फक्त तिला माहीत होता.

इथे मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ही भीती आली कुठून ते कळणार नाही. पिंपात वाफ सोडली की काटा चढतो. दाब पंधरा पौंडांवर आणि उष्णता एकशे एकवीस अंशांवर पोचली की घड्याळ लावायचं. तिथून तीस मिनिटं. मधे दाब पडला, एकदाच, थोडासाच पडला, तरी मोजणी परत शून्यापासून. आधीची मिनिटं वाया. बाहेरून सगळं चटका बसेल इतकं तापलेलं असतं, पण गाठोड्याच्या पोटात वाफ शिरली का, पुरेशी थांबली का, हे हाताला कळत नाही. म्हणून एका गाठोड्याच्या मधोमध कागदाची पांढरी पट्टी ठेवतात. काम झालं असेल तर ती काळीकुट्ट होते. मग ती रजिस्टरात चिकटवायची, तारीख घालायची, सही करायची.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दाराचं रबर सैल पडलं आणि विसाव्या मिनिटाला काटा खाली आला. मावशीने चाक आवळलं, काटा परत चढला. शून्यापासून मोजायचं तर आणखी अर्धा तास लागणार होता. वर टेबलावर एक बाई होती, कपडे शिवणारी, आतडं फुटून आलेली. फोन तीनदा वाजून गेला होता. मावशीने एकविसाव्या मिनिटापासून पुढे मोजलं.

दहा मिनिटांनी तिने पट्टी काढली. पट्टी राखाडी होती.

राखाडी म्हणजे काळी नव्हे. पण पांढरीही नव्हे, असं ती तेव्हा स्वतःला म्हणाली. चौथ्यांदा फोन वाजला. “पाठवते,” ती म्हणाली, आणि सामान वर गेलं. सकाळच्या खेपेत तिने एक पट्टी जास्तीची टाकली होती, ती चांगली काळी झालेली अ‍ॅप्रनच्या खिशात होती. तिने ती रजिस्टरात चिकटवली आणि सही केली. राखाडी पट्टी चुरगाळून मोरीत टाकली.

नवव्या दिवशी ती शिवणवाली बाई जखम चिघळून वारली.

चौकशीला तीन माणसं टेबलामागे बसली. रजिस्टर उघडलं, पट्टी बघितली. एकाने मान वर न करताच विचारलं, “मशीन ठीक होतं?” मावशी म्हणाली, “हो.” पुढचं पान उलटलं. मग वॉर्डातल्या ड्रेसरला आत बोलावलं. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन बांधणारा माणूस. एका नर्सने सांगितलं होतं की त्याने त्या बाईची जखम हातमोजे न घालता बांधली. ड्रेसर खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, “हो साहेब, त्या दिवशी घाईत होतो.” त्याची नोकरी गेली.

हा ड्रेसर मावशीच्याच चर्चचा होता. तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त, तिला वहिनी म्हणणारा, चर्चमध्ये दोन बाकं पुढे बसणारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे भाकरीचे तुकडे आणि छोट्या पेल्यांतून द्राक्षरस वाटायचे. त्याआधी पाळकसाहेब सांगायचे की प्रत्येकाने आपलं मन तपासा, पाप लपवून ही भाकर खाल्ली तर ती शिक्षा होऊन पोटात जाते. मग डोळे मिटून कबुली द्यायची वेळ यायची, आणि ड्रेसरचे खांदे हलायला लागायचे. त्याने एका बाईचा जीव घेतला असं त्याला वाटत होतं. तो तिच्यासाठी रडायचा, डोळे पुसायचा, आणि ताट आलं की भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी घ्यायचा.

मावशीला ते बघवायचं नाही. तिने एक युक्ती काढली. रिकामे छोटे पेले धुवायचं काम तिने आपल्या अंगावर घेतलं. ताट तिच्या बाकाच्या जवळ यायला लागलं की ती परात घेऊन मागच्या खोलीत सटकायची. अकरा वर्षांत तिने ना भाकर घेतली ना पेला, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट एका वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी तिच्या निःस्वार्थ सेवेबद्दल टाळ्या वाजवायला सांगितल्या. मावशी तेव्हा परातीकडे बघत उभी राहिली.

पोटात दुखायला लागलं तेव्हा तिला आधी वाटलं, आली शिक्षा. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, काढून टाकू, सोमवारी या. आपल्याच इस्पितळात, काळजी कसली.

“तुला भूल देणार म्हणजे घरात चार तास शांतता,” नवरा म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून त्याला घरी थट्टेशिवाय बोलता यायचं नाही. “खडे मागून घे हं. बसच्या चाकाखाली लावायला होतील.”

मावशी हसली नाही. तिने ताटातलं अन्न तसंच झाकून ठेवलं.

“अगं, रोज चार-पाच जणांची पोटं उघडतात तिथे. तू स्वतः सामान पाठवतेस.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

त्याला वाटलं, तिला मशीनवरच्या बदली माणसाची काळजी आहे. तीही होती. पण खरी भीती वेगळी होती. भूल दिल्यावर माणूस इकडे उठतो, नाहीतर तिकडे उठतो. तिकडे उठलो तर समोर कोण असेल हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. त्याने विचारलं, मशीन ठीक होतं? तर काय सांगायचं? गेले चार दिवस भाजी चिरताना, जिना चढताना, दात घासताना तिला तोच प्रश्न ऐकू यायचा, त्याच सुरात, मान वर न करता विचारलेला. हात गार पडायचे. पाण्याखाली धरले तरी ऊब यायची नाही.

गुरुवारी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते रिकाम्या सभागृहात खुर्च्यांचे सैल स्क्रू पिळत बसले होते.

“साहेब, एका बाईने विचारायला सांगितलंय.”

“हं. विचारा.”

“एखादीने पाप केलं, लपवलं, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली. आता ती बाई मरायला टेकली. तर तिचं तारण होईल का, देव तिला पदरात घेईल का?”

पाळकसाहेबांनी स्क्रू तोंडात धरला होता तो काढला. “किती टेकलीय?”

“सोमवारी ऑपरेशन आहे.”

“अच्छा.” ते हसले नाहीत. शेजारची खुर्ची हलवून बघितली आणि तिच्याकडे सरकवली. “बसा. ही डगमगत नाही. त्या बाईला सांगा, तारण तिच्या हिमतीवर टांगलेलं नाही. वधस्तंभावर ते होऊन गेलंय, ती जन्मायच्या आधी. तिने चांगलं वागून मिळवायचं नाही आणि वाईट वागून ते रद्दही होत नाही.”

“मग झालं तर,” मावशी पटकन म्हणाली. “मग सांगायची गरज नाही कुणाला.”

“असं कुठे म्हणालो मी? देणारा देतोच आहे. पण मूठ आवळून बसलेल्या माणसाच्या हातावर काय ठेवणार? ज्याने तिची शिक्षा भोगली तो जिवंत आहे ना?”

मावशीने मान हलवली.

“मग देवाकडे जायची वाट त्याच्या दारावरून जाते. बाजूने जायला गेली तर आयुष्यभर बाजूनेच फिरत राहील.” त्यांनी परत स्क्रूड्रायव्हर उचलला. “आणि त्या बाईला सांगा, पेले आता दुसरं कुणीतरी धुवेल.”

मावशी सभागृहाच्या दारापर्यंत गेली आणि तिने मागे वळून बघितलं. त्यांना माहीत होतं. किती वर्षांपासून, ते विचारायची तिची छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी ती ड्रेसरच्या दुकानावर गेली. नोकरी गेल्यावर त्याने पेट्रोल पंपाशेजारी पंक्चर काढायचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे एक हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि टायरवर टाकलेली फळी.

“या वहिनी, बसा. फळी पुसलेली आहे, हात पुसलेले नाहीत.” तो पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. “सोमवारी म्हणे तुमचं? घाबरू नका. बांधायला मी नाही तिथे, म्हणजे वाचणारच.”

तो नेहमी असंच बोलायचा. आधी माणसं बांधायचो, आता ट्यूब बांधतो, ट्यूब मेली तरी तिचे नातेवाईक येत नाहीत. इतर लोक हसायचे. मावशी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून उठायची.

“भाऊ, मला एक सांगायचंय.”

“सांगा की. कान मोकळे आहेत.”

तिने सांगितलं. रबर, विसावं मिनिट, राखाडी पट्टी, खिशातली काळी पट्टी, ‘हो’. तिला वाटलं होतं खूप लांबलचक आहे ते. दोन मिनिटांत संपलं. मधे एक मोटारसायकलवाला हवा भरायला थांबला, ड्रेसरने हाताने त्याला पुढे जा म्हटलं.

ट्यूब अजून पाण्यात होती. त्याचा हात तिच्यावर तसाच दाबलेला होता, बुडबुडे थांबून गेले तरी.

“परत सांगा,” तो म्हणाला.

“भाऊ...”

“नको. नको सांगू.” तो पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलला. “अकरा वर्षं मी कशाची क्षमा मागतोय? दर महिन्याला? माझी बायको माझ्या हातची चपाती खायची नाही, माहितीय? म्हणायची, तुझे हात... आणि मी म्हणायचो, बरोबर आहे तिचं. देवाने तरी मला माफ केलं, मी म्हणायचो. कशाबद्दल केलं माफ त्याने? तुझ्याबद्दल?”

“मला माफ करा. सोमवारी मी...”

“सोमवारी तुझं ऑपरेशन आहे म्हणून आलीस तू! दगड नसते झाले तर आली असतीस?”

नसती आली, हे खरं होतं.

“ऊठ,” तो म्हणाला. “फळीवरून ऊठ. मला काम आहे.”

सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. मावशीला हलकं वाटलं नाही. घरी जाताना तिला रस्ता ओलांडता येईना. गाड्या थांबल्या तरी ती कडेला उभीच राहिली. आता तर दुप्पट झालं होतं. आधी त्याची नोकरी घेतली, आता त्याची क्षमाही घेतली. एवढाच त्याला आधार होता.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. चर्चमध्ये दोन बाकं पुढची ड्रेसरची जागा रिकामी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मावशी त्या मोकळ्या लाकडाकडे बघत राहिली. गाणी कानावरून गेली, प्रवचन कानावरून गेलं. मी त्याला देवापासून तोडलं, एवढंच डोक्यात चालू होतं. सगळे प्रार्थनेला वाकले तशी तीही वाकली. इतकी वर्षं तिच्या प्रार्थना त्या एका गोष्टीला वळसा घालून जायच्या: नवऱ्याचा रक्तदाब, बसचे ब्रेक, शेजारणीची सून. आज वळसा घालायला जागा उरली नव्हती.

‘मी केलं,’ ती मनात म्हणाली. ‘पट्टी राखाडी होती. मी हो म्हणाले. माझ्याकडे द्यायला काही नाही. चांगलं म्हणावं असंही काही नाही, आले तेसुद्धा भिऊन आले. मला सोडव.’

उत्तर आलं नाही. हात गारच होते. फक्त, ज्याच्याशी बोलतोय त्याच्यापासून आपण आत्ता काहीच लपवलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. त्याची सवय नसल्यामुळे तिला त्याचीही भीती वाटली. पण ताट जवळ यायला लागलं तरी ती उठून मागच्या खोलीत गेली नाही.

दुपारी दाराची कडी वाजली. नवऱ्याने दार उघडलं. ड्रेसर होता, तेल लागलेल्या शर्टातच.

“अरे वा, तोंड दाखवलंस. चर्चला दांडी का? मी म्हटलं आजारी आहेस.”

“सांगितलं नाही का वहिनींनी तुला?”

“सांगितलं. काल संध्याकाळी.” थट्टेचा आव गळून नवऱ्याचा आवाज बसला. “मला काय बोलावं कळत नाही रे. आत ये.”

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“काल मला वाटलं, माझं रडणं सगळं फुकट गेलं,” ड्रेसर खुर्चीवर न बसताच बोलायला लागला, बहुधा वाटेत घोकत आला होता. “चर्चला आलो नाही. काय तोंडाने येणार, मला काही नव्हतंच माफ करायचं, असं वाटलं. मग बसलो पंपापाशी. हातमोजे मी घातले नव्हते हे खरंच ना? ती बाई जगली असती तरी घातले नव्हतेच. आणि त्या आधी किती वेळा घातले नव्हते, ते मी चौकशीत कुठे सांगितलं? ती कशाने गेली ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. ते त्यालाच ठाऊक. त्याने माफ केलं ते मला. केसपेपरला नाही.”

“भाऊ...”

“थांबा, वहिनी. मी माफ केलं असं म्हणायला आलो नाही. जमत नाहीये अजून. तुम्हाला बघितलं की आत्ता पण डोकं तापतंय. पण तुम्ही उद्या टेबलावर जाणार, आणि तुमच्या मनात येईल की याने माफ केलं नाही म्हणजे मी अडकले. तसं नाही. मी तुमचा तारणारा नाही. तो दुसरा आहे, त्याच्याकडे काय ते बोला. माझं मी करीन. वेळ लागेल. तुम्ही मेलात तरी करीन, त्यासाठी जगायचं कारण नाही.”

“शुभ बोल नाऱ्या,” नवरा पुटपुटला.

ड्रेसरला हसू आलं, ते त्याला आवडलं नाही, आणि त्याने बाहीने तोंड पुसलं. “त्या शिवणवालीच्या घरच्यांना मात्र कळायला हवं. ते इतकी वर्षं माझं नाव घेऊन रडतात.”

“उद्या सांगते,” मावशी म्हणाली. “मेट्रनला. आत जायच्या आधी.”

“नोकरी जाईल,” नवरा म्हणाला.

“जाईल.”

“पोलीसही येतील.”

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. ड्रेसरने पाण्याचा पेला भरला, तिच्यापाशी जमिनीवर ठेवला, आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी आठ वाजता ती मेट्रनच्या खोलीत गेली. मेट्रन चहा पीत होती. “मावशी, तुम्ही वॉर्डात हव्यात आत्ता. उपाशी आहात ना?” मावशी उभ्यानेच बोलली. मेट्रनने कप खाली ठेवला, मग दार लावलं, मग जुनं रजिस्टर मागवलं. कुठलं पान ते मावशीने न बघता सांगितलं.

“हे मला वरती कळवावं लागेल,” रजिस्टर मिटून मेट्रन म्हणाली. तिचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. “आजच. तुम्हाला कळतंय ना काय होईल ते? ऑपरेशन झाल्यावर बोलला असतात तरी चाललं असतं.”

“झाल्यावर मी बोलले नसते,” मावशी म्हणाली. “मी ओळखते ना मला.”

दहा वाजता तिला ट्रॉलीवर घेतलं. हिरवं कापड गळ्यापर्यंत ओढलं. व्हरांड्यातले दिवे एकामागून एक डोक्यावरून जायला लागले. लिफ्टपाशी नर्स जरा थांबली. नवरा बरोबर चालत होता, तिचा चष्मा आणि बांगड्या रुमालात बांधून हातात घट्ट धरलेल्या. सकाळपासून त्याने एकही विनोद केला नव्हता.

“घाबरलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“फार?”

हे ‘हो’ तिला नीट तपासून बघायचं होतं.

“सगळ्यांना वाटते तेवढीच,” ती म्हणाली.

लिफ्टचं दार उघडलं आणि नर्सने ट्रॉली आत ढकलली.